दोन बिजागऱ्यांची खुर्ची

नागपूरच्या बर्डीहून हिंगण्याला जाणारी कंपनीची बस सकाळी इतकी गच्च भरलेली असायची की एखाद्याला पडायचं म्हटलं तरी पडायला जागा मिळत नसे. ब्याऐंशी सालच्या डिसेंबरातल्या त्या गार सकाळी प्रेमिलाही पडली नाही. पडली ती तिची खुर्ची.

खुर्ची म्हणजे अगदी खुर्ची असं नाही. मोडक्या आरामखुर्चीचं लाकूड, जुन्या गादीचं कापड आणि सायकलच्या दुकानातून आणलेले दोन बोल्ट. इंदोऱ्याच्या घरी अंगणात बसून, अंगठा दोनदा ठेचून घेऊन तिनं स्वतः ते प्रकरण ठोकलं होतं. घडी करून, सुतळीनं बांधून, छातीशी धरून ती उभी होती. सुभाषनगरच्या वळणावर ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला, सुतळी तुटली आणि घडी उलगडून थेट खिडकीशी बसलेल्या एका तरुणाच्या मांडीवर जाऊन बसली. नुसती बसली असती तर ठीक होतं... त्याच्या लाल मफलरचं टोक तिनं दोन फळ्यांच्या मध्ये घट्ट धरून ठेवलं.

अख्खी बस हसली. प्रेमिलाचे कान तापले.

"सॉरी... थांबा, मी काढते—"

"राहू द्या." त्याची मान एका बाजूला वाकली होती, गळ्याला फास बसायची वेळ आली होती, आणि हा पठ्ठ्या डोळे बारीक करून बोल्ट न्याहाळत होता. "मफलर खाऊ द्या तिले. पण मले एक सांगा, ही बिजागरी इथं काहून लावली?"

"काहून म्हणजे? तिथंच तर वाकते ती!"

"तिथं वाकते म्हणूनच चावून राहिली. एखाद्या लेकराचं बोट असतं तर?"

हे मात्र प्रेमिलाच्या जिव्हारी लागलं. "तुम्हाले कोणी सांगितलं, लेकराची आहे म्हणून?"

"एवढ्याशा खुर्चीत आपले मॅनेजर साहेब तर मावणार नाहीत," तो म्हणाला, आणि हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडली. प्रेमिलानं ती पाहिली, आणि आपण पाहिली याचा तिला भयंकर राग आला.

त्याचं नाव सुगत मेश्राम. कामठीचा. कारखान्याच्या टूलरूममध्ये ड्राफ्ट्समन म्हणून नुकताच लागलेला. आणि प्रेमिला त्याच कारखान्याच्या पाळणाघराची बाई. विजेची बटणं जोडायला बसणाऱ्या बायकांची तान्ही, रांगती लेकरं दिवसभर तिच्या आणि रुखमाबाई या आयाबाईंच्या स्वाधीन असत. बालवाडीचा कोर्स करून ही नोकरी मिळाली तेव्हा ती इतकी हरखली होती की पहिल्या दिवशी सगळ्या लेकरांना एकाच वेळी कडेवर घ्यायला निघाली होती.

आता मात्र त्या पाळणाघरावरच संक्रांत आली होती. वर्क्स मॅनेजर दत्तोपंतांनी फर्मान काढलं होतं. जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीन पुरत नाही, तेवढ्या वेळेपुरती पाळणाघराची खोली लागणार. भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेले लोखंडी पाळणे तिथून हलवा, नाहीतर पाळणाघर मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये न्या. आणि ती शेड होती प्लेटिंग खात्याला लागून. तिथल्या ॲसिडच्या वाफेनं मोठ्या माणसांच्या डोळ्यांना पाणी यायचं. गुड्डीच्या आईनं, सत्यवतीनं, तर सांगूनच टाकलं होतं, "बाई, गुड्डीले तिथं ठेवावं लागलं तर मी कामच सोडते." असं बोलणारी ती एकटी नव्हती.

म्हणून प्रेमिलानं ही खुर्ची करायला घेतली होती. खिमट भरवताना खुर्ची, झोपवताना पलंगडी, रडलं तर झोका, आणि जेवणाची शिट्टी झाली की मिटून भिंतीवरच्या खिळ्याला! तेवढा वेळ लेकरं आपापल्या आईच्या कडेवर आणि ओसरीतल्या उन्हात. दत्तोपंतांनी सोमवारपर्यंतची मुदत दिली होती.

हे सगळं तिनं बस एमआयडीसीत शिरेपर्यंत सुगतला सांगून टाकलं. काहून सांगितलं कोण जाणे! मफलर अजून खुर्चीतच होता, त्यामुळे त्याला पळून जाता येत नव्हतं, हेही एक कारण असेल.

"दुपारी येतो," तो उतरताना म्हणाला. "मफलर तोवर तुमच्याकडे गहाण."

तो खरंच आला. दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशी आला तो पातळ लोखंडी नळ्यांचा सांगाडा खांद्यावर टाकून. त्यावर निळं जाडं कापड चढवलेलं.

"कापड बाबांनी विणलं," तो म्हणाला. "कामठीचा माग आहे आमचा. आईनं विचारलं, कोणासाठी रे? मी म्हटलं, लेकरांसाठी. तर शेजारची काकू पेढे मागायले आली."

"मग दिले का पेढे?"

"कसे देणार? आधी लग्न तर होऊ द्या म्हटलं."

प्रेमिलानं पटकन एका लेकराचं नाक पुसलं. ते स्वच्छच होतं.

सुगतनं सांगाडा छताच्या कडीला टांगला आणि झोका कसा बसतो ते पाहायला एक हलका धक्का दिला. त्याबरोबर रुखमाबाई दूध ओतता ओतता ओरडल्या, "ओ पोट्ट्या! रिकामा झोका हालवते का कोनी? काही समजते का नाही तुले?"

"मावशी, टेस्ट करून राहिलो..."

"तुह्या घरी कर टेस्ट! इथं लेकरं हायेत."

सुगत ओशाळला. प्रेमिलानं हसू दाबत बर्डीवरून आणलेली संत्र्यांची पिशवी उचलली, झोक्यात ठेवली आणि तिच्यावर एक लोकरी टोपडं चढवलं. "घ्या. आता भरला झोका."

सुट्टीत लेकरांना पाजायला आलेल्या बायका दारातच थबकल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. संत्री मात्र शहाण्या बाळासारखी झुलत होती. खोलीभर त्यांचा आंबटगोड वास पसरला.

"जमलं!" सुगत म्हणाला. पण संत्री ती संत्री. सत्यवतीच्या गुबगुबीत गुड्डीला आत बसवलं, तर ती हळूहळू खाली घसरली, हनुवटी छातीला टेकली आणि तिनं सूर लावला. सुगतनं पाठ उंच केली, तरी घसरली. पट्टा लावला, तर पट्ट्याखालून घसरली. शुक्रवार उजाडला. सुगतच्या बोटांना भाजल्याचे डाग आणि डोळ्यांखाली काळं. तो भिंतीला टेकून मटकन बसला.

"माझ्याच्यानं नाही होत," तो म्हणाला. "कागदावर सगळं बरोबर येऊन राहिलं..."

त्याचा तो उतरलेला चेहरा पाहून प्रेमिला हळहळली. पाळणाघरासाठी हळहळली की त्याच्यासाठी, हे तिला त्या क्षणी वेगळं करता आलं नाही.

"तुम्ही कधी लेकरू घेतलं का हो?" तिनं विचारलं.

"मी? ...दुरून पाहिलं."

"मग तसंच होणार! इकडे पाहा."

तिनं चटई अंथरली, भिंतीला पाठ टेकली, साडी नीट आवरून दोन्ही पाय समोर लांब केले आणि गुड्डीला पायांवर उताणी निजवली. घरोघरी आयाबाया आंघोळ घालायला घेतात ना, तशी. दोन नडग्यांच्या मधल्या खोलगट जागेत गुड्डी अलगद बसली, आणि उभ्या केलेल्या पावलांना तिचं डोकं टेकलं.

"सरकते का?"

गुड्डी सरकली नाही. उलट तिनं जांभई दिली.

"ही पलंगडी," प्रेमिला म्हणाली. मग तिनं गुडघे वर घेतले. गुड्डीला अलगद ओढून पोटाशी बसवलं, पाठीला मांड्यांचा टेका. "ही खुर्ची." पाय जरा डावीउजवीकडे डुलवले. "हा झोका. माझ्या आजीजवळ दुसरं काय होतं? हेच होतं."

सुगत बघतच राहिला. आणि एकदम किंचाळला, "दोन बिजागऱ्या! एक गुडघ्याची, एक घोट्याची! मी एकच लावून राहिलो होतो! आणि कापड ताणायचं नाही, दोन नळ्यांमध्ये खोलगट सोडायचं!"

गुड्डी दचकून रडायला लागली. प्रेमिलाला मात्र टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या.

"हलू नका!" तो खिसे चाचपत म्हणाला. "मले कोन घेऊ द्या... म्हणजे, तुमची हरकत नसेल तर..."

तो कोनमापक घेऊन आला खरा, पण बसला हातभर लांब. हात पुढे आणि तोंड खिडकीकडे.

"तिकडे काय मोजता? खिडकी?"

"नाही... खिडकी नाही..."

"घोटा इकडे आहे."

त्यानं मान वळवली. कानांच्या पाळ्या मफलरसारख्या लाल. गार पट्टी तिच्या घोट्याला हलकेच टेकली आणि पैंजण किणकिणलं.

"हलू नका म्हटलं ना," तो पुटपुटला.

"मी कुठं हलली? तुमचा हात हालून राहिला."

त्यानं कोन कागदावर टिपला आणि पुन्हा एकदा मोजला. रुखमाबाई दुधाच्या बाटल्या उकळताना उगाचच खाकरल्या. हे मोजणं आज संपूच नये असं प्रेमिलाला वाटलं. आपल्याला हा माणूस आवडतो, फार आवडतो, हे तिनं त्या चटईवर बसल्या बसल्या मनातल्या मनात मान्य करून टाकलं.

शनिवार-रविवार सुगत आणि टूलरूममधली दोन वेल्डर पोरं घरी गेली ती फक्त झोपायला. सोमवारी सकाळी खोलीत जितकी लेकरं तितक्या निळ्या खुर्च्या मांडलेल्या होत्या. गुड्डी आपल्या खुर्चीत महाराणीसारखी बसली होती आणि कोणाकडे ढुंकूनही बघत नव्हती.

जेवणाची शिट्टी झाली. दत्तोपंत हातातलं घड्याळ पुढे धरून दारात उभे. त्यांच्यामागे बायकांची दाटी, आणि सगळ्यांचे चेहरे ओढलेले. प्रेमिलानं पहिलं लेकरू उचलून सत्यवतीच्या हातात दिलं आणि खुर्ची मिटली. खट्, खट् — खिळ्यावर! रुखमाबाईंनी दुसरी, तिनं तिसरी... घरच्या वाळवणाच्या ताटल्या उचलाव्यात तशी भराभर खोली मोकळी झाली. दत्तोपंतांनी घड्याळाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं.

"हं. आणि झोका होतो म्हणालात. तो दाखवा."

सुगतनं एक खुर्ची उलगडून कडीला टांगली. संत्री तर शुक्रवारीच खाऊन संपली होती! त्यानं गोंधळून नळीला हात लावला. दारातल्या बायकांनी श्वास रोखला. प्रेमिलाला वाटलं, आता या बाया ओरडणार, साहेब चिडणार, सगळं मुसळ केरात—

"अहो, अहो! रिकामा नको!" ओरडले ते दत्तोपंतच.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. दत्तोपंतांनी टाय सारखा केला. "म्हणजे... आमच्या सूनबाईंचे दिवस भरत आलेत. उगाच कशाला." त्यांनी आपला जेवणाचा डबा झोक्यात ठेवला, स्वतःच्या हातानं एक झोका दिला, मग आणखी एक. डबा झुलत राहिला. साहेबांचा चेहरा हळूहळू सैल होत गेला आणि ते घड्याळाकडे बघायचं विसरले.

"खोली तुमचीच," ते शेवटी म्हणाले. "आणि मेश्राम, अशी एक माझ्या घरी लागेल."

बायकांनी एकच कल्ला केला. सत्यवतीनं गुड्डीसकट प्रेमिलाला मिठी मारली. त्या गर्दीतून प्रेमिलानं पाहिलं, सुगत टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता.

संध्याकाळी बाकीची लेकरं घरी गेली. सत्यवती ओव्हरटाइमला थांबली होती म्हणून गुड्डी तेवढी मागे राहिली. सुगत दारात येऊन उभा राहिला.

"बस सुटेल तुमची," प्रेमिला म्हणाली.

"मफलर न्यायचा होता."

तिनं घडी केलेला मफलर दिला. तो घेऊनही तो हलेना.

"आणखी एक... रविवारी आई-बाबा इंदोऱ्याले येतो म्हणतात. तुमच्या घरी. म्हणजे... तुम्ही हो म्हणाल तर."

"कशाले? खुर्ची पाहायले?"

"खुर्ची त्यांनी काल पाहिली, कापड चढवताना." त्यानं घसा साफ केला. "ज्या मुलीच्या पायांवरून ती बेतली, तिले पाहायचं आहे. प्रेमिला... मले तुम्ही फार आवडता. त्या दिवशी बसमध्ये मफलर सोडवायची मले घाईच नव्हती."

प्रेमिलाचा जीव फुलून आला. पण लगेच हो म्हणेल तर ती प्रेमिला कसली!

"मापं तुम्ही माझी घेतली," ती म्हणाली. "मी तुमची कुठं घेतली? बसा खाली. बूट काढा. पाय लांब करा."

तो निमूटपणे चटईवर बसला. तिनं गुड्डीला त्याच्या नडग्यांवर ठेवलं. सुगत श्वास रोखून, एखादं यंत्र धरावं तसा ताठ झाला.

"असं आखडायचं नाही. सैल सोडा... हं. आता डुलवा."

त्यानं डुलवलं. गुड्डीनं त्याचं नाक नीट पाहून घेतलं, मूठ तोंडात घातली, आणि बघता बघता तिचे डोळे मिटले. बाहेर बसचा हॉर्न वाजला. एकदा, दोनदा. मग बस गेल्याचा आवाज आला.

"बस गेली," प्रेमिला कुजबुजली.

"जाऊ द्या." तोही कुजबुजला. "पायाले मुंग्या आल्या."

"गंजल्या का बिजागऱ्या इतक्यात?"

"हसू नका ना... मी विचारलं त्याचं काय झालं?"

भिंतीवर सगळ्या निळ्या खुर्च्या मिटून शहाण्यासारख्या टांगलेल्या होत्या. प्रेमिला त्याच्या शेजारी बसली, भिंतीला पाठ टेकली, आणि त्याच्या पायांच्या बाजूला आपलेही पाय लांब केले. पैंजण किणकिणलं.

"आई-बाबांना घेऊन या रविवारी," ती म्हणाली. "हो म्हटलं मी."

सुगतच्या तोंडून आरोळी निघणार होती, ती त्यानं मफलर तोंडात कोंबून थांबवली, कारण गुड्डी झोपली होती.