धुवण कसलं?

कानात काहीतरी वळवळलं म्हणून जागृतीने चापट मारली, तर हाताला लागलं ते पान.

बोईसर स्टेशनवरून सरावलीला निघालेली शेअर रिक्षा. मागे तिघांच्या जागेत चौघं कोंबलेली, बाहेर पाऊस लागून राहिलेला, आणि शेजारच्या मुलाच्या मांडीवर वरून कापलेला गोडेतेलाचा कॅन. त्यात मनी प्लांट. वेल अशी ऐसपैस पसरली होती, जणू तिचंही भाडं भरलंय!

"सॉरी हां," तो मुलगा वेल आवरत म्हणाला. "खोली बदलतोय. तिला... रिक्षाची सवय नाही."

"तिला म्हणावं, कानात गुपित सांगायचं असेल तर आधी ओळख करून घ्यायची असते."

"प्रफुल्ल," तो चटकन म्हणाला, आणि लगेच गोंधळला. "म्हणजे — ते माझं नाव. तिचं काही ठेवलेलं नाही."

जागृती हसली. तेवढ्यात रिक्षा खड्ड्यात आपटली, आणि कॅनातली ओली माती तिच्या पांढऱ्या युनिफॉर्मवर सांडली. तो इतका ओशाळला की तिला रागावताच आलं नाही. रागावायचं सोडून तिने स्वतःचा रुमाल त्यालाच दिला, कारण त्याच्या चष्म्यावरही माती उडाली होती. तो रुमाल पुढे कितीतरी दिवस 'उद्या नक्की आणतो'च्या वायद्यावर राहिला. आता रुमाल धुवायला एवढे दिवस लागतात का, हे ज्याचं त्याने ओळखावं.

जागृती तामोरे मूळची दातिवऱ्याची. बापाची होडी, आईचा मासळीचा धंदा, आणि ही घरातली पहिली बीएस्सी. तारापूरच्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये ती नोकरीला होती आणि सरावलीत मैत्रीण दिशाबरोबर खोली घेऊन राहायची. प्रफुल्ल विक्रमगडकडच्या एका पाड्यावरचा. घरी डोंगरउतारावरची थोडी भातशेती, आणि हा इथे एका कापड कंपनीच्या डिस्पॅचमध्ये. सकाळी दोघांची वेळ एक, त्यामुळे रिक्षाही एक. बोलायला विषयही एकच होता, झाडं.

"माझ्या हातून तुळससुद्धा जगत नाही," जागृती एकदा म्हणाली. "नर्सरीतून केवढी महागाची आणली होती."

"मग फुकटची लावून बघा. मेली तरी जिवाला लागत नाही," तो म्हणाला. "मी सुरुवातीला किती मारलीत! रोज पाणी, रोज पाणी... मुळं कुजून गेली सगळी. तेलाचा कॅन घ्यायचा, खिळा तापवून बुडाला भोकं पाडायची, मातीत नारळाचा काथ्या कुसकरून घालायचा. खिडकीशी ठेवायचं, पण ऊन अंगावर नको."

"आणि पाणी?"

"रोज बोट बुडवायचं मातीत. आत ओल लागली तर—"

"ओ, आमच्यात बोट बुडाली तर घरात रडारड होते!"

तो क्षणभर तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याला उमगलं आणि तो असा खळखळून हसला की पुढे बसलेला रिक्षावालाही मागे वळला. तेव्हापासून 'तुम्ही' गळून पडलं. रोज सकाळी रिक्षात बसताना तो विचारायचा, "काय, आज बोट बुडाली का?" आणि ती सांगायची, "नाही, किनाऱ्यालाच हाय." या बिनडोक विनोदावर दोघं रोज हसायचे... आणि रोज नव्याने.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. घोळ सुरू झाला तो प्रफुल्लने झाडं वाटायला घेतली तेव्हा.

एका संध्याकाळी तो सरावलीच्या नाक्यावर पिशवी घेऊन उभा. दिशाला त्याने मनी प्लांटची फांदी दिली, निळसर काचेच्या देखण्या बाटलीत, पाण्यात ठेवलेली. रिक्षावाल्यालाही एक, आरशाशेजारी टांगायला छोटीशी बाटली. आणि जागृतीला? जागृतीच्या हातात ठेवला तो कॅन. तोच रिक्षातला, कडेचं लेबल अर्धवट फाटलेला, एका अंगाला पोचा आलेला गोडेतेलाचा कॅन.

"हे तुला," तो म्हणाला. पुढे काहीतरी बोलणार होता... ओठ हलले, चष्मा वर सरकवला, आणि शेवटी निघालं ते इतकंच, "अधूनमधून धुवण घाल. सांभाळ हां." आणि छत्री न उघडताच पावसातून निघूनही गेला.

"तुला जुनं उरलंसुरलं टेकवलंय," दिशा बाटली न्याहाळत म्हणाली. "मला बघ कसं सजवून दिलंय."

"मग तूच बस त्याच्याशेजारी रिक्षात," जागृती फणकारली. पण मनात ते सलत राहिलं. रिक्षावाल्यालाही काच आणि आपल्याला तेलाचा डबा? की आपण त्याला दिशासारख्याच, रिक्षावाल्यासारख्याच... सगळ्यांसारख्याच? मग 'सांभाळ हां' म्हणताना त्याचा आवाज एवढा हळवा का झाला होता? आणि रुमाल का देत नाही मेला?

अशातच आईचा फोन आला.

"जागू, केळव्याचं ठिकाण आलंय. पोरगा चांगला हाय, सुपारीची वाडी हाय, पाहुण्यांसाठी खोल्या काढल्यात. आयतवारी बघाया यायचं म्हणतात."

"आये, इतक्यात..."

"तुझ्या मनात कोन असंल तर आत्ता बोल. आमी काय तुला दर्यात ढकलत नाय. पन नसंल तर मंग लोकांना ताटकळत ठेवू नये. शनवारी सांग मला. हो नायतर नाय."

मनात कोण आहे ते जागृतीला चांगलंच ठाऊक होतं. पण त्याच्या मनात कोण आहे? आईला काय सांगायचं, की एक मुलगा आहे, त्याने मला तेलाचा कॅन दिला? जिने रोज लॅबमध्ये बसून औषधांचा खरेखोटेपणा तपासायचा, तिला एका माणसाच्या चार शब्दांचा अर्थ लागेना. रडूच यायचं बाकी होतं.

तिने मनाशी ठरवलं, झाड तरी नीट सांभाळू. त्याने सांगितलंय ते सगळं करू. बोट बुडवून बघू, पानं ओल्या फडक्याने पुसू, आणि धुवण घालू.

आता दातिवऱ्यात धुवण म्हणजे काय, हे कोणालाही विचारा. मासे धुतलेलं पाणी. आई ते रोज मागच्या माडाच्या बुडाशी ओतायची आणि माड नारळांनी लगडायचा. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला, ताजी मासळी कुठली? पण आईने डबा भरून खारं दिलं होतं, मीठ लावून सुकवलेला मासा. जागृतीने ते भिजवलं, धुतलं, आणि ते पाणी मनोभावे कॅनात ओतलं. मग प्रफुल्लला मेसेज केला, 'धुवण घातलं. वास मारतोय.'

त्याचं उत्तर आलं, 'मारणारच! झाकून ठेवून आंबवलंस तर आणखी चांगलं.'

तिने आंबवलं.

पुढच्या काही दिवसांत खोलीत काय हाहाकार झाला तो विचारू नका. दिशा उशी घेऊन गॅलरीत झोपायला लागली. गल्लीतल्या मांजरी खिडकीशी सभा भरवू लागल्या. घरमालकीण जिना चढून आली आणि "कोण मेलंय का आत?" विचारून गेली. आणि मनी प्लांटची पानं कडेने करपली, पिवळी पडली, एकेक करून गळाली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

शनिवारी कंपनीतून आल्यावर जागृतीने कॅन उचलला, छातीशी धरला आणि तडक प्रफुल्लच्या चाळीची वाट धरली. आता होऊनच जाऊ दे, तिने ठरवलं.

तो गॅलरीत सुपात तांदूळ निवडत बसला होता. तिला बघून उठला, आणि कॅन बघून त्याचा चेहरा खाडकन उतरला.

"हे... काय झालं?"

"मलाच काय विचारतोस?" जागृतीचा बांध फुटला, आणि चिडली की ती थेट दातिवऱ्याचं बोलायची. "तूच सांगितलंस ना? धुवण घाल, आंबवून घाल! मी घातलं. चेष्टाच करायची व्हती तर तसं सांगायचं. आमी काय एवढ्या खुळ्या नाय!"

"चेष्टा? अगं, धुवणाने झाड मरत नाही. आमच्याकडे तर—" तो वाकला, त्याने मातीचा वास घेतला, आणि ताडकन मागे सरला. "हे कसलं धुवण आहे?"

"खाऱ्याचं!"

"खाऱ्याचं?"

"मग कसलं असतं?"

प्रफुल्लने हातातलं सूप तिच्यापुढे धरलं. तांदूळ.

"तांदळाचं," तो हळूच म्हणाला. "तांदूळ धुतलेलं पाणी. आमच्याकडे धुवण म्हणजे तेच... दुसरं असतं हेच मला माहीत नव्हतं."

जागृतीने तांदळाकडे बघितलं, कॅनाकडे बघितलं. रोज क्षार मोजून पगार घेणारी केमिस्ट, आणि मनी प्लांटला मिठाचं पाणी पाजत होती! तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. तिला स्वतःचंच कळेना, आपण हसतोय की रडतोय.

"माझी पण चूक आहे," तो बादलीतलं पाणी तांब्याने कॅनात ओतत म्हणाला. बुडाच्या भोकांतून गढूळ पाणी वाहून जात होतं आणि तो पुन्हा पुन्हा ओतत होता. "वास मारतोय म्हणालीस तेव्हाच विचारायला हवं होतं. आंबवायला काय सांगत बसलो... मला वाटलं, तू अजून लिहिशील काहीतरी. मेसेज यायला निमित्त राहील."

"वाचेल का ते?"

"खालचं सांगता येत नाही. वरची ही दोन टोकं हिरवी आहेत." त्याने कात्रीने पेराच्या जरा खाली कापून ती पाण्याच्या पेल्यात ठेवली. "या गाठीतून मुळं फुटतात. पाणी मात्र बदलत राहायचं."

"एवढी धडपड कशाला? तुझ्याकडे काय झाडांना तोटा? दिशाला देतोस, रिक्षावाल्याला देतोस. मला दिलास तो हा डबा."

प्रफुल्लने वाकून पुन्हा एक तांब्या पाणी कॅनात ओतलं. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "त्या सगळ्या याच्याच फांद्या आहेत."

"म्हणजे?"

"पहिल्यांदा घर सोडून इथे आलो ना, तेव्हा लावलेल्यातलं पहिलं जगलेलं झाड हे. बाकीच्यांना त्याच्या फांद्या दिल्या. तुला... आख्खं झाडच दिलं. त्याला काचेत कसं घालणार? मुळं गेलीत पार बुडापर्यंत." आता त्याने मान वर केली. "माझ्या खोलीत आता एक पान नाही, जागृती. मला वाटलं, तुला कळेल."

"तोंड शिवलं होतं का तुझं?" ती जवळजवळ ओरडलीच. "माणूस बोलला तर कळतं! मी इथे रोज जीव टांगणीला लावून... उद्या मला बघायला येणार आहेत!"

त्याच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "कोण?"

उत्तर द्यायच्या आत तिचा फोन वाजला. आई. शनिवार संपत आला होता.

"मंग, जागू? काय सांगू केळव्याला?"

जागृतीने समोर बघितलं. चष्म्यावर पाणी उडालेला, पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला हा मुलगा श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत होता. किती दिवस ती त्याच्या शब्दांचा अर्थ लावत बसली होती. एकदा तरी आपण सरळ बोललो होतो का?

"आये, केळव्याला नको सांग. माझ्या मनात हाय एक."

आईने लगेच विचारलं, "दर्यावरचा?"

"नाय. डोंगरातला."

आईने सुस्कारा टाकला, तो फोनमधूनही ऐकू आला.

"बापाला मी बघते. पन उद्या त्याला हिथं आण. माझ्या डोळ्यानं बघू दे."

फोन बंद झाला. गॅलरीच्या पत्र्यावर पाऊस ताडताड वाजत होता. प्रफुल्ल अजून तांब्या धरूनच उभा होता.

"काय... काय म्हणाल्या?"

"उद्या दातिवऱ्याला जायचं. मला बघायला येणार होते, आता तुला बघणार आहेत."

"मला?" त्याने घाबरून स्वतःच्या चिखलभरल्या पँटकडे पाहिलं. "आणि त्यांना मी नाही आवडलो तर?"

जागृतीने त्याचा चष्मा काढला, ओढणीच्या टोकाने दोन्ही काचा सावकाश पुसल्या आणि पुन्हा त्याच्या नाकावर नीट बसवला.

"मला आवडतोस," ती म्हणाली. "त्यांचं मी बघून घेते."