निखळलेल्या कॅपचं प्रकरण

डॉक्टरीणबाईंनी रुमालाची पुरचुंडी सोडली आणि टेबलावर तीन दात घरंगळले. भाऊ खुर्चीसकट मागे सरकला.

"घाबरू नका, खरे दात नाहीत," त्या म्हणाल्या. "सिरॅमिकच्या कॅप आहेत. मीच बसवलेल्या. महिन्याभरात तिन्ही निघाल्या. एक तर वकीलसाहेबांची, भर कोर्टात, उलटतपासणी चालू असताना!"

भाऊला हसू फुटलं. ताईने डोळे वटारले तसं त्याने ते खोकल्यात दडवलं. ताई खासगी चौकशीची कामं घेई; भाऊ तिचा धाकटा भाऊ, मदतनीस आणि ड्रायव्हर.

"संशय कुणावर?" ताईने विचारलं.

डॉक्टरीणबाईंचा आवाज खाली आला. "सिस्टरवर. चिकटवण्याआधी कॅपची तयारी त्याच करतात. दवाखाना उघडला तेव्हापासून माझ्यासोबत आहेत हो. पण दुसरं कोण उरतं? उद्यापासून येऊ नका म्हणून सांगायची वेळ आलीय. त्याआधी मला खात्री हवी."

"तयारी म्हणजे नेमकं काय?"

"कॅपला आतून ॲसिड लावायचं. गुळगुळीत सिरॅमिक खरखरीत होतं. मग धुवायचं, हवेने वाळवायचं, सायलेन नावाचं औषध लावायचं, परत हवा. ते औषध एका बाजूने सिरॅमिकला धरतं, दुसऱ्या बाजूने सिमेंटला. शेवटी सिमेंट भरून दातावर बसवायची."

ताईने एक कॅप उजेडात धरली. बाहेरून चकचकीत, आतून दुधी काचेसारखी. आत सिमेंटचा कणही नव्हता.

"सिमेंट कुठे गेलं?"

"दातालाच राहिलं. तिघांच्याही."

पहिली गाठ पडली कॅप बनवणाऱ्या कारागिराशी. भट्टीसमोर उभा राहून तो उसळलाच. "माझी कॅप फुटली? तडा गेला? नाही ना? मग मला कशाला विचारता?"

दवाखान्यात बाकाशेजारी एक गॅरेजवाला मेस्त्री दाराची बिजागरी घट्ट करत होता. कुणी सांगितलेलं नव्हतं.

"डॉक्टरांमुळे हे तोंड शाबूत आहे," तो भाऊला म्हणाला. "जिभेखालचा चट्टा त्यांनी ओळखला, वेळेवर ऑपरेशनला धाडलं. त्यांच्यासाठी काय करू नि काय नको असं होतं. हा हवेचा कंप्रेसर ऐका. आधी केवढा खडखडायचा! महिन्यामागे मीच गप्प केला."

भला माणूस, भाऊच्या मनात आलं.

आतल्या खोलीत सिस्टर अवजारं लावत होत्या. डोळे सुजलेले. "चुकले असेन तर सांगा. पण हयगय केली असं म्हणू नका."

ताईने सायलेनची बाटली मागितली. औषध पाण्यासारखं नितळ होतं.

"खराब झालं की गढुळतं," सिस्टर म्हणाल्या.

"हल्ली इथे काही वेगळं जाणवतं?"

"तोंडात घालायचे छोटे आरसे. हवा मारून वाळवले तरी धुरकट दिसतात. मला वाटलं, माझेच डोळे गेले."

"या महिन्यात टिकलेली एखादी कॅप?"

"शाळेतल्या बाईंची. त्या दिवशी कंप्रेसर खोलून ठेवला होता, म्हणून हेअर ड्रायरने वाळवली."

जिन्यात भाऊ कुजबुजला, "ताई, सिस्टरच! एकच कॅप नीट वाळवली, तीच टिकली."

"अर्धं बरोबर बोललास," ताई म्हणाली आणि सगळ्यांना आत बोलवायला सांगितलं.

तिने दोन स्वच्छ काचा घेतल्या. एकीवर पेशंटच्या खुर्चीच्या नळीतून येणारी कंप्रेसरची हवा बराच वेळ सोडली, दुसरीवर हेअर ड्रायरची. मग दोन्हींवर पाणी टाकलं. दुसऱ्या काचेवर ते पसरलं. पहिलीवर थेंब थेंब होऊन गोळा झालं.

"तेल!" भाऊ ओरडला.

"तेल. कॅप फुटल्या नाहीत, म्हणजे कारागीर सुटला. आतून त्या दुधी आहेत, म्हणजे सिस्टरनी ॲसिड लावलं होतं. सायलेन चांगलं आहे. सिमेंट दाताला राहिलं, कॅपला नाही. म्हणजे पकड सुटली ती सिरॅमिकपाशी. मध्ये काहीतरी आलं. आरसे धुरकट करणारी आणि कॅपवर जाणारी गोष्ट एकच, ही हवा. जिला ही हवा लागली नाही, ती कॅप टिकली. आणि कंप्रेसर गप्प झाला तेव्हापासून हे सुरू झालं."

मेस्त्री मटकन खाली बसला. "पिस्टन कोरडा ठणठणीत होता. मी तेल सोडलं. इंजिनाला लागतंच की!"

"हा कंप्रेसर बिनतेलाचाच असतो," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "याची हवा तोंडात जाते ना."

"ज्यांनी मला जगवलं, त्यांच्याच..." मेस्त्रीने कपाळावर हात मारला.

डॉक्टरीणबाईंनी त्याला हाताला धरून उठवलं. "तुम्ही जिवाभावाने केलंत. मी विचारायला हवं होतं, आत काय केलंत म्हणून. आपले पेशंट बरे झाल्यावरही आपली आठवण ठेवतात, हे किती डॉक्टरांच्या नशिबी असतं?"

मग त्या सिस्टरकडे वळल्या. "मी तुमच्यावर... इतकी वर्षं तुम्ही... मला माफ करा. तुम्ही होतात म्हणून हा दवाखाना उभा राहिला, हे कधी म्हटलंच नाही मी."

भाऊला वाटलं, सिस्टर आता बरंच काही सुनावतील, आणि त्यांना तो हक्कही होता. सिस्टरनी पदराने डोळे टिपले.

"ते आपण नंतर बघू," त्या म्हणाल्या. "आधी तिघांना फोन लावा. जेवताना किती हाल होत असतील त्यांचे!"