आडोशाची ज्योत

"ज्योत लागली. ज्योत गेली," ठोंब्याने जाहीर केलं. "सहानुभूती व्यक्त करतो."

ठोंब्या हा वातबोगद्यातला (टाक्यांत कोंडलेली हवा सोडून हवं तेवढं वादळ तयार करायच्या जागेतला) यंत्रमानव. सहानुभूतीची सोय त्याला मुद्दाम बसवली होती, आणि वर्षभर तीच सगळ्यात जास्त वापरात होती.

शाल्मली काचेला नाक लावून बघत होती. सुट्टीत ती आत्याआजीकडे, म्हणजे डॉ. वसुधा केळुसकरांकडे आली होती. आत्याआजी घरात कमी आणि बोगद्यात जास्त असायची. पण तिथल्या नव्या विमान-इंजिनाच्या उद्याच्या शेवटच्या चाचणीत ज्योत टिकली नाही, तर बोगदा बंद करून तिथे मंगल कार्यालय होणार होतं. व्यवस्थापक शेलटकर स्टेजची जागा टेपने मोजूनही गेले होते. बोगद्याच्या तोंडातून नवरानवरी झकास बाहेर येतील, असं त्यांचं मत होतं.

"पण ज्योत का विझते गं?" शाल्मलीने विचारलं.

आत्याआजीने चष्मा पुसला. "या इंजिनात हवा स्वनातीत (आवाजाहून जास्त) वेगाने घुसते. भिंतीतल्या भोकातून आपण हायड्रोजन सोडतो. तो मध्यापर्यंत जाऊन हवेत मिसळला, तर नीट पेटणार. पण हा लेकाचा वाकतो आणि भिंतीला चिकटून पळतो."

"हवा जरा बाजूला सरकत का नाही?"

"तिला पत्ताच नसतो. पुढे अडथळा आहे, ही बातमी हवेतून आवाजाच्या वेगाने उलटी जाते. ही हवा त्याहून जोरात येतेय. बातमी वाटेतच वाहून जाते! मग हवा बेसावध आदळते आणि तिथे आघाततरंग (एकदम दाबल्या गेलेल्या हवेची पातळ भिंत) तयार होतो."

"मग गॅस जोरात सोड ना."

"तेवढाच धक्का मोठा. हवेचा वेग मरतो, इंजिन दमतं. शेजारी शेजारी दोन भोकं पाडूनही पाहिली. दोन्ही झोत आडवे."

"सहानुभूती व्यक्त करतो," ठोंब्या म्हणाला.

"तू गप रे!"

घरी जाताना शाल्मली स्कूटरवर मागे बसून साबणाचे फुगे सोडत होती. कडेला हात काढला की फुगा तयार व्हायच्या आधीच फुटे. आत्याआजीच्या पाठीमागे मात्र तो निवांत फुगला, हेल्मेटच्या वर चढला, आणि तिथे वाऱ्याने त्याला उचललं. शाल्मलीने आणखी एक सोडला. तोही वर गेला. मग तिने बराच विचार करून, शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं, "आत्याआजी, तू जाड आहेस ना, त्याचा खूप उपयोग होतो."

स्कूटर थांबली. "काय म्हणालीस?"

"म्हणजे... वारा आधी तुझ्यावर आदळतो. माझे फुगे तुझ्या आडोशाने वर जातात."

आत्याआजी रस्त्याच्या कडेला पुतळ्यासारखी उभी राहिली. मग तिने डोक्यावर हात मारला. हेल्मेट असल्यामुळे लागलं नाही. "शेजारी नाही गं, पाठीमागे! पुढच्या भोकातून थोडा गॅस सोडायचा. जोराचा धक्का तो खाईल. त्याच्या मागे हवा मंदावलेली, दाबही कमी. तिथून मुख्य गॅस सोडला की तो खोलवर शिरेल!"

स्कूटर आल्या वाटेने परत फिरली. मुख्य भोकाच्या पुढे, हवा येते त्या बाजूला, दाब मोजण्यासाठी एक बारीक छिद्र होतं. ठोंब्याने त्यालाच गॅसची नळी जोडली.

दुसऱ्या दिवशी शेलटकर टेप घेऊनच आले. बोगदा गरजला. काचेआड पहिला झोत लगेच वाकला, पण त्याच्या पाठीशी दुसरा ताठ वर चढला आणि मध्यापर्यंत जाऊन पसरला. निळसर ज्योत लागली. ज्योत थरथरली, पण टाक्यांतली हवा संपेपर्यंत टिकली.

शेलटकरांनी टेप हळूच खिशात सरकवला. "मग मुहूर्त आता या इंजिनाचाच बघायचा म्हणता?"

"आधी जमिनीवर, मग आभाळात," आत्याआजी म्हणाली. तिचा आवाज जरा ओला झाला होता. "शालू, तुला घेऊन उडेल असं करू कधीतरी. पुढे मी बसेन, आडोशाला."

शाल्मली ठोंब्याकडे वळली. "तू काहीच का बोलत नाहीस?"

ठोंब्याच्या दिव्यांची दोनदा उघडझाप झाली. "ज्योत लागली. ज्योत टिकली. यापुढे काय म्हणायचं, ती सोय मला बसवलेली नाही. गरज पडेल, असं कुणाला वाटलं नव्हतं."

आत्याआजीने पेचकस उचलला. "ये इकडे," ती म्हणाली. "आता लागणार आहे."