रिकामा ताबा

सांगलीच्या टेलिफोन खात्यात कुणाला घर घ्यायचं झालं की तो आधी नागसेन कांबळेला गाठायचा. लाइनमनची नोकरी, त्यामुळं गावातली भिंत न् भिंत त्याच्या नजरेखालची. "घर उन्हाळ्यात बघू नये, पावसाळ्यात बघावं," तो सांगायचा. "ओल कुठवर चढती ते कळतं. वकिलाकडनं मालकीचा सर्च काढल्याबिगर इसार द्यायचा न्हाई. रिकामा ताबा मिळाल्याबिगर खरेदीखतावर सही न्हाई. आन् मालक काय बोलतो ते सोडून द्यायचं, शेजारी काय बोलतो ते ध्यानात ठेवायचं." लोक ऐकायचे, त्यांचं भलंही व्हायचं. हा शहाणा स्वतः मात्र बायको-पोरीला घेऊन भाड्याच्या दोन खोल्यांत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

चौऱ्याण्णव साली मात्र त्याचा योग आला. विश्रामबागला एका गल्लीत टुमदार बैठं घर. मागं परसू, नळाला दोन्ही वेळ पाणी. मालक लालासाहेब, मिलिटरीतून निवृत्त झालेला, कुटुंब घेऊन साताऱ्याला गेलेला. भाव ऐकून नागसेनलाच हसू आलं, इतका कमी. त्यानं भर पावसात भिंती चाचपल्या, उतारे तपासले. कुठंच खोट निघेना. शेवटी आपल्याच नियमाप्रमाणं तो शेजारी गेला. शालूबाई अंगणात तांदूळ पाखडत बसल्या होत्या.

"आडनाव काय म्हनला?"

"कांबळे."

शालूबाईंनी सूप खाली ठेवलं. "घिऊ नगासा ह्ये घर. पदरात लेकरू हाय न्हवं तुमच्या? मग न्हाईच."

"का पन?"

"इचारू नगा. तुमच्या चांगल्यासाटी सांगती."

नागसेनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे 'चांगल्यासाठी' त्यानं जन्मभर ऐकलं होतं. खोली कालच गेली बघा, मालक शाकाहारी हायत, तुमाला हितं करमायचं न्हाई. आडनाव सांगितलं की पुढचं वाक्य ठरलेलं. आता तर घ्यायचंच, असं म्हणून त्यानं त्याच संध्याकाळी इसार दिला. शालूबाईंची या घराकडची खिडकी विटांनी चिणलेली होती. त्या विटांवर जुनं शेवाळ धरलं होतं, म्हणजे ती त्याच्यामुळं चिणलेली नव्हती. एवढा पारखी माणूस, पण त्याला ते दिसलं नाही. रागावलेल्या माणसाला डोळे असून नसल्यासारखेच.

वास्तुशांत वगैरे त्यानं केली नाही, करणारही नव्हता. भावकी जमली, त्रिशरण-पंचशील झालं, बायकोनं, दीपमालानं, खीर केली. खात्याकडून घरात टेलिफोन आला. दीपमाला पहिले कितीतरी दिवस भिंतीवरनं नुसती हात फिरवायची. "आवं, आपलं हाय ह्ये. आता कोन उठ म्हननार न्हाई," म्हणायची आणि डोळे पुसायची.

मग एका रविवारी दुपारी दीपमाला त्याच्याशेजारी बसून शेंगा फोडत असताना मोरीत भांडी घासल्याचा आवाज आला. राखेची खरखर, तांब्याचा ठणका, बांगड्यांची किणकिण. नागसेन उठून गेला. मोरी कोरडी ठणठणीत. त्यानं पाईप ठोकून पाहिले, टाकी पाहिली. आवाज कुठून कुठं पोचतो हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. कारण मात्र सापडलं नाही. पुढं तर रोजचंच झालं. स्वैपाकघरात भाकरी थापल्याचा आवाज यायचा, आणि एक बाई हाक मारायची, "शिवतेज, जेवाय चल रं." त्या आवाजात भुताटकीचं काही नव्हतं. चारचौघींसारखा, दमलेला आवाज. त्यामुळंच नागसेनला जास्त भीती वाटायची.

त्याच सुमारास दीपमालाचा घसा बसला. नागसेन दिवसभर लाइनीवर असायचा, त्याला काही झालं नाही. बाजारात भाजीवाला तीनतीनदा विचारायचा, काय म्हनला? घरी आली की मात्र तिचा आवाज खणखणीत. शाळेतनं बाईंचा निरोप आला, पोरगी पिंकी हजेरीला आवाज देत नाही. नागसेन भांडायच्या तयारीनंच शाळेत गेला. वर्गाच्या खिडकीतनं त्यानं पाहिलं, सगळी पोरं कविता म्हणत होती आणि पिंकीही. मान डोलावत, अगदी जीव तोडून म्हणत होती. बाईंनी बाकीच्यांना गप्प केलं. पिंकीचे ओठ हलत राहिले, वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावं अशी शांतता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं तो साताऱ्याला गेला.

गोडोलीत लालासाहेबाचा फ्लॅट होता. नागसेनला दारात बघून त्याचा चेहरा पडला. "या," एवढंच म्हणाला. त्याची बायको चहा घेऊन आली. दोन्ही हात भरून काचेच्या बांगड्या. तिनं ट्रे फरशीवर ठेवला, कपबशा एकमेकांवर घसरल्या.

काहीच वाजलं नाही.

एक मुलगा आतून धावत आला. तिनं त्याला हाक मारली, म्हणजे तिचे ओठ तसे हलले. ती हाक नागसेनला पाठ होती. तो ती रोज ऐकत होता, विश्रामबागला.

"तुमचा आवाज हाय की," नागसेन लालासाहेबाला कसाबसा म्हणाला.

"मी सरहद्दीवर हुतो गड्या. घरात सुट्टीपुरता. ही दोघं कायमची ऱ्हायली." लालासाहेब खाली बघत होता. "मोठमोठं डाक्टर झालं. काय न्हाई."

"आन् तरी मला विकलंसा?"

"वाटलं, नवीन मानसं आली तर जुनी सुटतील."

"सुटली?"

लालासाहेबानं नाही म्हणून मान हलवली. त्याची बायको नागसेनच्या पाया पडायला वाकली. त्याला ते बघवेना. तो तसाच उठून पळाला.

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरनं त्यानं घरी फोन लावला. "दीपमाला, आत्ताच्या आत्ता पिंकीला घे आन् माधवनगरला कपिलकडं जा."

"आवं, पन झालं काय?" खणखणीत आवाज. मागं पिंकी गात होती.

"कुलूप लाव आन् जा. तुला माझी आन हाय!"

परतीच्या एसटीत त्याला बसवेना. तो कऱ्हाडपर्यंत उभाच होता.

माधवनगरला पोचला तेव्हा दिवे लागले होते. धाकटा भाऊ कपिल दारातच उभा होता. "दादा, वैनी दुपारीच आल्यात. पन आल्यापास्नं दोघी एक अक्षर बोलल्या न्हाईत."

पिंकी फरशीवरनं धावत आली. पावलं वाजली नाहीत. ती त्याच्या कमरेला बिलगली आणि मान वर करून काहीतरी सांगत राहिली, रडत राहिली. दीपमाला भिंतीला टेकून दोन्ही हात तोंडावर धरून बसली होती.

"उशीर न्हाई झाला," नागसेन म्हणाला. "भाईर काढलंय मी तुमाला. आता भाईर हायसा."

त्यानं पिंकीचा हात धरला. का ते त्यालाही कळत नव्हतं, पण तो गल्लीच्या तोंडाच्या टेलिफोनच्या डब्याकडं गेला, नाणं टाकलं आणि स्वतःच्या घराचा नंबर फिरवला. कुलूप लावलेल्या घराचा.

घंटी वाजली. उचलला.

भांड्यांचा आवाज. शिवतेजला हाक. मग दीपमालाचं हसू.

"बाबा," पलीकडनं पिंकी म्हणाली, "कुठं हायसा? आमी समदी जेवायचं थांबलोय."

शेजारी उभ्या पिंकीनं त्याचं बोट घट्ट धरलं. तिचं तोंड मिटलेलं होतं.