मालुबाईनं दिलेलं पाणी

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही.

सन १९३८. कार्तिक अमावास्या. निपाणीजवळचं खेडं. दिवेलागणीची वेळ.

टिळकवाडीचे डॉक्टर मार्तंड त्या घरी रोगी तपासायला गेले होते. रोगी शंभर वर्षांपूर्वीच मेलेला... नामांकित शाहीर भरमा! डॉक्टरांना त्याच्या लावण्या तोंडपाठ. तो कशानं गेला हे शोधायचंच, असा त्यांचा हट्ट.

गावानं निदान कधीच करून टाकलं होतं. बायकोनं, मालुबाईनं, पाण्यातून विष घातलं. मरताना शाहीर स्वतःच तसं ओरडला होता. त्याच दिवशी तिनं विहीर जवळ केली.

तेव्हापासून त्या घरचं पाणी कुणी पीत नव्हतं. आता घरात वंशातली अंबुबाई आणि तिची लग्नाची लेक नीला. पाहुणे यायचे. पाण्याचा तांब्या पुढं आला, की उठून जायचे.

"विष न्हवतं एवढं म्हणा, डॉक्टरसाहेब," अंबुबाई रडवेली झाली. "पोरगी घरातच म्हातारी व्हायची हो माझी."

"आक्का, शेवटी काय होत होतं त्यांना?"

"तहान लई. पर तांब्या बघितला की किंचाळायचे. वारा लागला तरी गळा आवळायचा म्हणं."

डॉक्टर ताठ बसले. ही लक्षणं त्यांच्या ओळखीची होती.

"कुत्रं चावलं होतं का?"

"ते काय ठावं न्हाय बघा."

"कोल्हा..."

आवाज माजघरातून आला. घोगरा.

माजघरात कुणीच नव्हतं.

"तंबाखूच्या रानात... पोटरीला."

अंबुबाईनं डॉक्टरांची बाही गच्च धरली. डॉक्टर दाराकडं सरकले. तरी सवय कुठं जाते? रोग्याशी बोलावं तसे ते अंधाराशी बोलले.

"मग ते विष नव्हे. पिसाळलेल्या जनावराचा रोग तो. त्यात पाणी गळ्याखाली उतरत नाही. तिनं तुम्हाला नुसतं पाणीच दिलं होतं."



आतून एक हुंदका. अर्ध्यातच अडकलेला.

"मग बोलवा की तिला... कुठं हाय ती?"

अंबुबाईनं विहिरीच्या दिशेला पाहिलं.

डॉक्टरांनी चावडीवर निदान सांगितलं. गाव त्या घरचं पाणी प्यालं. माघात नीलाचं लग्न झालं. अंबुबाईनं डॉक्टरांचे पाय धरले.

पण दिवे लागले, की ती शेजारी जाऊन बसायची. माजघरातून रोज तोच प्रश्न यायचा.

"शंभर वर्षं तो रागाच्या आधारानं तरी होता," डॉक्टर म्हणायचे. "मी तोही काढून घेतला."

विहिरीचं त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही.