दोन हिरवी केळी आणि रूपाचं कपाळ

यावलजवळच्या शेडमध्ये रूपा केळीची जाडी मोजत बसली होती. तेवढ्यात छातीशी दोन भिंगांचा जुना कॅमेरा धरून, मान खाली घालून एक तरुण चालत आला… आणि थेट तिच्या क्रेटवर आदळला.

"समोर बघून चालावं, भाऊ!"

"बघतच होतो… पण याच्या काचेत डावं उजवीकडे दिसतं. तुम्हाला चुकवायला गेलो, तर—"

"माझ्याच अंगावर आलात!"

तो प्रेमराज. धुळ्यात त्याचा स्टुडिओ. बागेचे फोटो काढायला आला होता, तो मग दर रविवारी येऊ लागला. बागेत एवढं काय उरलंय, हे रूपाने विचारलं नाही.

एका रविवारी त्याने तिचेच तीन फोटो पुढे ठेवले. हनुवटी सुरेख, हसू त्याहून सुरेख… पण नाकाच्या वर काहीच नाही!

"माझे डोळे कुठे ठेवलेत, भाऊ?"

"मी बघतो वरच्या भिंगातून, फोटो काढतं खालचं. जवळून काढला की वरचा भाग कापला जातो. आणि… भाऊ म्हणू नका ना."

"मग लांबून काढा."

"आईला चेहरा नीट बघायचाय. मोबाइलचा फोटो तिला चालत नाही. म्हणते, त्यात सगळ्याच गोऱ्या."

"आईला कशाला माझा चेहरा?"

त्याचे कान लाल झाले. "सून म्हणून… तुमची ना नसेल तर. मंगळवारी ती दुसरी मुलगी बघायला निघालीय. आणि रोलमध्ये एकच फोटो उरलाय."

रूपा उठली. केळीची जाडी मोजायचं माप उचलून तिने एका भिंगाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत लावलं.

"बेचाळीस मिलिमीटर. आमच्या परदेशी जाणाऱ्या केळ्याची जाडी! वरचं भिंग आत्ता जिथे आहे, तिथे खालचं आणायचं… एवढंच ना?"

कॅमेरा क्रेटवर ठेवून ती समोर बसली. त्याने चेहरा काचेत नीट बसवला. मग कॅमेरा अलगद उचलून, तिने मापून निवडलेली दोन टणक, सरळ केळी शेजारी-शेजारी त्याच्याखाली सरकवली.

"हलू नका…"

"मी नाही हलत. केळी सांभाळा."

खट्!

मंगळवारी सकाळी प्रेमराजचा फोन आला. मागून फोटो बघणाऱ्या त्याच्या आईचा अहिराणीतला आवाज— "हाई पोर ते कपाळसंगे उनी! कोनी हुशारी रे?"

"तिचीच, आई. तिच्याच केळ्यांमुळे कपाळासकट आली."

"मंग दुसरीकडे कसाले जावानं? तिले इचार, मना पोऱ्या तिले पसंद शे का?"

"शे!" रूपा एवढ्या जोरात ओरडली, की शेडमधल्या सगळ्या बाया काम टाकून तिच्याभोवती गोळा झाल्या.