चूलबंद आवतण

मी चिकट आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना मान्य आहे. साड्यांच्या दुकानात नाही, फक्त कॉम्प्युटरच्या बाबतीत. पुण्याच्या एका कंपनीचे चाळीसेक सर्व्हर मी शिवाजी पेठेतल्या आमच्या माडीवर बसून सांभाळते, आणि त्यातल्या एकावरही नको असलेलं पॅकेज टिकू देत नाही.

लिनक्सवर प्रोग्रॅम येतात ते पॅकेजच्या रूपात. एक मागवलं की ते म्हणतं, मला ह्या दोघांशिवाय चालत नाही. ती दोघं म्हणतात, आमच्याबरोबर हे पाच असले तर बरं. तुम्ही मान डोलावत बसलात तर लग्नाला एकाला बोलवावं आणि टेम्पो भरून माणसं उतरावीत तशी गत होते. म्हणून गरजेची तेवढी आत घ्यायची आणि 'असली तर बरं'वाली दारातूनच परत पाठवायची. आमच्याकडं आवतणाचे दोन प्रकार आहेत. घरटी एक, म्हणजे एका घरातून एकानंच जेवायला यायचं. आणि चूलबंद, म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटवायचीच नाही, लहानथोर सगळ्यांनी आमच्याकडं. अपडेट करण्यासाठी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता, त्यात गंमत म्हणून हेच शब्द टाकले होते. तो विचारायचा, 'घरटी एक, का चूलबंद?' मी आजवर एकदाही चूलबंद म्हटलेलं नव्हतं.

माझी सगळ्यात लाडकी मशीन मात्र कंपनीची नव्हती, अण्णांची होती.

अण्णा म्हणजे माझे वडील, भाऊसो. जन्मभर फाउंड्रीत साचे भरले आणि फुटबॉलच्या हंगामात स्टेडियमवर आमच्या तालमीसाठी, म्हणजे पेठेच्या संघासाठी, माईक धरला. चाळीस वर्षं. त्यांच्या कॉमेंट्रीला हसायला म्हणून विरुद्ध पेठेतली माणसं यायची. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं. माणूस वाचला, आवाज गेला. दवाखान्यातून घरी आल्यावर ते पाटीवर लिहून बोलायचे, आणि पाटी पुसताना त्यांचा चेहरा बघवत नसे.

मग मी तालमीतल्या लोकांकडून जुन्या कॅसेटी, मोबाईलवरची रेकॉर्डिंगं, जे मिळेल ते गोळा केलं आणि त्यातून त्यांचा आवाज उभा केला. जेवणाच्या डब्याएवढं एक मशीन, जुनं, कमी ताकदीचं. त्यावर मोजून एकशे अठरा पॅकेजं. बटण दाबलं की अकरा सेकंदांत तयार. अण्णा कीबोर्डवर दोन बोटांनी लिहायचे आणि डबा त्यांच्या आवाजात बोलायचा. पहिल्या दिवशी त्यांनी लिहिलं, 'अगं, चा टाक.' आईच्या, म्हणजे सोनूबाईंच्या हातातलं भांडं पडलं. ती रडली, मग हसली, मग चहा इतका गोड केला की कुणालाच पिववेना.

एकच खोट होती. डब्याला 'ळ' यायचा नाही. 'खेळ'चं 'खेल', 'पळ'चं 'पल'. घरात चालून जायचं. पण रविवारी फायनल होती आणि समोर होती मंगळवार पेठेतली तालीम. भर स्टेडियमवर कुणी 'मंगलवार पेठ' म्हटलं, तर कोल्हापुरात त्या माणसाची पुढची दहा वर्षं गेलीच म्हणायची. तालमीचे अध्यक्ष गणपतराव घरी आले, "जयभीम भाऊसो, माईक तुमचाच हाय," म्हणाले. अण्णांनी पाटीवर लिहिलं, 'ळ आला तर धरतो. न्हायतर घरात बसतो.' आणि ते खरंच घरात बसले असते. मी त्यांना ओळखते. एकदा बसले असते तर परत उठले नसते, हेही मला माहीत होतं.

सुदैवानं लिहिलेलं बोलून दाखवणाऱ्या पॅकेजची नवी आवृत्ती आली होती आणि तिला 'ळ' येत होता. बुधवारी सकाळी मी अपडेटला बसले. आधी नेहमीसारखी रंगीत तालीम केली, म्हणजे काहीही न बसवता नुसती यादी बघितली. गरजेची तीन आणि 'असली तर बरं'ची अडतीस. मी हसले. तेवढ्यात कंपनीचा फोन आला, म्हणून प्रश्न तसाच पडद्यावर ठेवून गॅलरीत गेले.

परत आले तर माझ्या खुर्चीत अण्णा. पडद्यावर अक्षरं भराभरा वर सरकत होती.

"अण्णा, काय केलायसा?"

त्यांनी पाटी पुढं केली. 'इचारलं घरटी एक का चूलबंद. आवतण द्यायचं आनि घरटी एक म्हनायचं? आपल्यात पद्धत न्हाय. येऊंदे सगळ्यास्नी.'

मी कपाळावर हात मारला, पण हसू आवरेना. त्या अडतिसांत कोरियन अक्षरं होती, जन्मात प्रिंटर न बघणाऱ्या डब्यासाठी प्रिंटर चालवणारं पॅकेज होतं, आणि एक तर चंद्राच्या कला दाखवणारं होतं. अण्णांना एकेकाची ओळख करून देत मी ती पॅकेजं बाहेर काढत गेले. प्रत्येकाला ते हात जोडून निरोप द्यायचे. दुपारपर्यंत सदतीस गेली.

एक राहिलं. नाव 'सोबती'.

मी त्याची माहिती काढली. आकार शून्य. बनवणाऱ्याचं नाव रिकामं. कशासाठी, तेही रिकामं. इंटरनेटवर शोधलं, अशा नावाचं पॅकेज कुठंच नव्हतं. बनवणारा कुणी हौशी मराठी माणूस असेल आणि अर्धवट ठेवून गेला असेल, असं मी मनाशी ठरवलं. चिकट माणसाला शून्य आकाराचीही अडचण होते. काढायला गेले, तर डब्यानं बजावलं: 'सोबती काढल्यास आवाजही जाईल.'

हे शक्य नव्हतं. अण्णांचा आवाज हे पॅकेजच नव्हतं. त्या मी भरलेल्या नुसत्या फायली होत्या, आणि फायली कुणावर अवलंबून नसतात. मी 'न्हाय' दाबलं.

तरी घाबरले नाही. माझ्याकडं डब्याच्या मूळ मेमरी कार्डाची प्रत होती. कोरं कार्ड घेतलं, त्यावर ती उतरवली आणि ह्या वेळी स्वतः घरटी एक म्हणून तीनच पॅकेजं बसवली. अण्णांनी लिहिलं, 'मंगळवार पेठेच्या बाळांनो, पळा.' डबा तसाच्या तसा बोलला. असला खणखणीत ळ, की आई आतून टाळ्या वाजवत आली. अण्णांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला फार बरं वाटलं, अगदी शाळेत पहिली आल्यासारखं.

मग मी सवयीनं यादी मोजली. एकशे अठरा, आणि नव्यानं आलेली तीन. एकशे एकवीस हवीत. एकशे बावीस होती.

ह्या कार्डाला अण्णांनी हात लावलेला नव्हता. कोरं कार्ड मीच पाकिटातून काढलं होतं. पण आवतण एकदा गेलं होतं, चूलबंद गेलं होतं, आणि ते कुठल्या कार्डावरून गेलं ह्याच्याशी कुणाला काही देणंघेणं नसावं.

शुक्रवारी सकाळी डबा खोकला.

अण्णा अंघोळीला गेले होते. कीबोर्ड टेबलावर, मी समोर. माईक धरण्याआधी अण्णा दोनदा खोकायचे, एक मोठा, एक लहान. तसाच. आईनं स्वयंपाकघरातून चाळीस वर्षांच्या सवयीनं हाक दिली, "आवो, पानी प्या." मग तिच्या लक्षात आलं. ती दारात आली, डब्याकडं बघून पदर तोंडाला लावून हसायला लागली. "दीप्ते, लई हुबेहूब केलायस गं!"

मीही हसले. आवाज तयार करताना रेकॉर्डिंगमधला एकूण एक खोकला मी माझ्या हातानं कापून टाकला होता, हे तिला सांगितलं नाही. रविवारला दोनच दिवस राहिले होते. घरात इतका आनंद वर्षभरात झालेला नव्हता, आणि जुनं कार्ड घालायचं म्हणजे 'मंगलवार'. मी गप्प बसले. ही चूक माझी, अण्णांची नव्हे.

रविवारी चार वाजता स्टेडियमवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. हलगी, पिपाण्या, उन्हात चमकणारे झेंडे. माईकजवळच्या टेबलावर डबा, मागं अण्णा इस्त्रीच्या शर्टात, शेजारी मी. गणपतरावांनी माईक डब्यापुढं धरला. अण्णांनी दोन बोटं चालवली.

"कोल्हापूरकर, भाऊसो आलाय. मेला न्हाय अजून."

सगळं स्टेडियम उठलं. मंगळवार पेठेचा स्टँडसुद्धा. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही.

काय रंगली ती कॉमेंट्री! "अरं संग्राम, बॉल मारतोयस का पावण्यास्नी रस्ता दावतोयस?" "मंगळवारचा गोलकीपर सयाजी. हलू नगंस बाबा, तिकीट काढून बसलायस न्हवं!" सयाजी स्वतः हसत होता. अण्णा लिहीत होते, थांबत होते, हसत होते. आवाजाविना हसताना त्यांचे खांदे हलायचे. लोक पोट धरून लोळत होते आणि मी कितीतरी वेळ सोबतीचा विचारही केला नाही.

शेवटची दहा मिनिटं राहिली. गोल कुणाचाच नाही.

आमच्या संग्रामला डावीकडं बॉल मिळाला.

"घेतला... घेतला... पळ लेकरा, पळ, पळ, मागं बघू नगंस, वळ, आता वळ..."

तो वळला. मी ओरडत होते, सगळेच ओरडत होते.

"गोऽऽऽल!"

हा शब्द आला तेव्हा बॉल अजून संग्रामच्या पायात होता. एक श्वासभर. मग त्यानं मारला आणि जाळी हलली.

मी अण्णांकडं वळले. त्यांना मिठी मारायची होती.

अण्णांचे दोन्ही हात वर होते. दोन्ही हातांत झेंडा.

कीबोर्ड टेबलाखाली पडला होता. त्याची वायर सुटलेली.

"बघा ओ बघा, शिवाजी पेठकरांनो, गुलाल आणा! कुठं गेली आमची हलगी?" आवाज बोलत होता, चढत होता, पूर्वीपेक्षाही मोठा.

अण्णांचे ओठ हलत होते. पण आवाजाच्या आधी नाही. आवाज बोलायचा, आणि मग त्यांचे ओठ तोच शब्द धरायला धडपडायचे.

त्यांच्या चेहऱ्यावर नुसता आनंद होता. तेच मला सहन होईना.

आम्ही जिंकलो. खरं सांगते, मीही नाचले. गुलालात न्हालेल्या अण्णांना पोरांनी खांद्यावर घेतलं, डबा गणपतरावांनी डोक्यावर घेतला, आणि पेठेपर्यंतच्या वाटेवर तो न थांबता बोलत राहिला. लोक म्हणत होते, भाऊसोच्या बोटांना काय वेग आलाय राव. अण्णा मिरवणुकीच्या पुढं होते. डबा मागं.

सोमवारी सकाळपासून घरात रीघ लागली. खाली पुढच्या सोप्यात पेढे, चहा आणि जुन्या मॅचच्या आठवणी. अण्णा मधोमध बसलेले, टेबलावर डबा, आणि मी माडीवर लॅपटॉप डब्याशी जोडून बसलेली. सोबतीला काढायचंच, मग ळ गेला तरी चालेल, असं मी पक्कं ठरवलं होतं. आवाज मी परत बांधला असता. पुन्हा वर्ष लागलं असतं तरी.

आज्ञा दिली. सोबती नावाचं काही सापडलं नाही. पुन्हा यादी काढली. त्यात ते नव्हतंच. मला हायसं वाटलं, इतकं की मी खुर्चीतच मागं रेलले.

मग पडद्यावर तीन ओळी आल्या.

'खालील गोष्ट दुसऱ्याच्या सोबतीला म्हणून आली होती. आता तिची गरज उरलेली नाही. काढू का?'

त्याखाली एकच नाव होतं. भाऊसो.

मी एकेक अक्षर नीट बघून लिहिलं, 'न्हाय'. दोनदा तपासलं. एंटर दाबलं आणि उठून जिन्याशी आले.

खाली सोप्यात सगळे हसत होते. अण्णांच्या एका हातात चहाची बशी होती, दुसऱ्या हातात पेढा, आणि कीबोर्ड फडताळावर ठेवलेला होता. कुणी काही विचारलं नव्हतं.

"बरं," अण्णांचा आवाज म्हणाला. "आज ऱ्हाऊंदे."